पोर्ट उघडले, पण उलट्या दिशेने

पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीचा स्टँडबाय सर्व्हर, म्हणजे मुख्य सर्व्हरची सतत ताजी राहणारी राखीव प्रत, उभारणे हे एका दिवसाचे काम आहे, असे मी वरिष्ठांना छातीठोकपणे सांगितले होते. काम खरोखर तेवढेच होते. पण त्याला बारा दिवस लागले आणि त्यांतले अकरा एका फॉर्मने खाल्ले. मुख्य सर्व्हर पुण्यात, डेटाबेस सुमारे 380 जीबीचा, आवृत्ती 14. स्टँडबाय नवी मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये हवा होता. तिथे तीच आवृत्ती बसवणे, रेप्लिकेशनचा, म्हणजे बदल सतत दुसऱ्या सर्व्हरवर उतरवण्याचा, अधिकार असलेला वेगळा यूजर तयार करणे, यांत सांगण्यासारखे काही नाही. वॉल_लेव्हल आणि मॅक्स_वॉल_सेंडर्स या दोन सेटिंग्जची मूल्ये दहाव्या आवृत्तीपासून मुळातच रेप्लिकेशनला पुरेशी असल्याने मुख्य सर्व्हर रीस्टार्टही करावा लागला नाही.

उरले होते फायरवॉलमध्ये पोस्टग्रेएसक्यूएलचे 5432 हे पोर्ट उघडून घेणे. त्यासाठी नेटवर्क विभागाचा फॉर्म भरायचा, त्यावर दोन सह्या घ्यायच्या आणि वाट पाहायची. मी सोर्सच्या, म्हणजे जोडणी सुरू करणाऱ्याच्या, रकान्यात नवी मुंबईचा आयपी लिहिला आणि डेस्टिनेशनमध्ये पुण्याचा. नऊ दिवसांनी मंजुरी आली. त्याच सकाळी स्टँडबायवरून जोडणी करून पाहिली, तर टाइमआउट. इथे एक खूण सांगून ठेवतो: ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असे उत्तर आले, तर बहुधा तुम्ही त्या मशीनपर्यंत पोहोचलेले असता आणि त्या पोर्टवर कोणी ऐकत नसते, नुसताच टाइमआउट झाला, तर पॅकेट वाटेतच गिळले जात आहे, असे समजून थेट फायरवॉलकडे बोट दाखवावे.

मी बोट दाखवले. विभागाने नियम तपासला आणि तो बरोबर असल्याचे कळवले. शेवटी समोर जाऊन बसलो, तेव्हा उलगडा झाला. मंजुरी देताना तिथल्या गृहस्थांनी माझे दोन्ही रकाने आपल्या समजुतीने उलटे केले होते. “डेटा पुण्याहून तिकडे जातो ना? मग सोर्स पुणेच,” असे त्यांचे म्हणणे होते. वरवर पाहता ते पटण्यासारखे आहे, आणि खरी अडचण तीच आहे. स्ट्रीमिंग रेप्लिकेशनमध्ये मुख्य सर्व्हर कोणाचेही दार ठोठावत नाही. स्टँडबायवरची वॉलरिसीव्हर ही प्रक्रिया मुख्य सर्व्हरशी जोडणी करते आणि मग त्याच जोडणीतून वॉल नोंदी, म्हणजे डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाच्या नोंदी, वाहत येतात. “साहेब, आडातले पाणी घरात येते, पण पोहरा घरचाच माणूस सोडतो,” असे मी म्हटले. ते हसले, आणि दुरुस्तीसाठी नवा फॉर्म भरायला सांगितले. आणखी दोन दिवस.

या विलंबात माझ्या उतावीळपणाचीही भर पडली, हे कबूल करतो. मंजुरी आज-उद्या येईलच या भरवशावर मी पहिल्याच दिवशी रेप्लिकेशन स्लॉट (स्टँडबायने घेईपर्यंत वॉल फाइली मुख्य सर्व्हरवर राखून ठेवणारी सोय) करून ठेवला होता, आणि तोही वॉल तत्काळ राखून ठेवणारा दुसरा पॅरामीटर ‘ट्रू’ देऊन. तो दिला नसता, तर स्टँडबाय पहिल्यांदा जोडला जाईपर्यंत स्लॉटने काहीच अडवले नसते. दिल्यामुळे 16 एमबीच्या वॉल फाइली दिवसाला सुमारे 12 जीबीच्या वेगाने साचत गेल्या आणि नवव्या दिवशी संध्याकाळी वॉलसाठी असलेले 120 जीबीचे वेगळे पार्टिशन 90 टक्क्यांवर आले. ते पूर्ण भरले असते, तर मुख्य डेटाबेसच बंद पडला असता. स्लॉट काढून टाकला, जुन्या वॉल फाइली मोकळ्या व्हाव्यात म्हणून चेकपॉइंट दिला आणि डिस्कची भरलेली जागा दाखवणाऱ्या डीएफचा आकडा उतरताना पाहिला, तेव्हा जीव भांड्यात पडला. तेराव्या आवृत्तीपासून मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ ही मर्यादा घालता येते. मुळात ती अमर्याद असते, म्हणून स्लॉट करण्याआधीच ती ठरवून घ्यावी.

दुरुस्ती झाल्यावर मुख्य डेटाबेसची पूर्ण प्रत घेणारा पीजी_बेसबॅकअप हा आदेश रात्रभर चालवला. स्लॉट त्याच आदेशाने करून घेतला आणि आर पर्याय दिल्याने सर्व्हर स्टँडबाय असल्याची खूण असलेली स्टँडबाय.सिग्नल फाइल व जोडणीचा तपशील आपोआप लिहिला गेला. त्याआधी एकदा, कोणाला जोडणी करू द्यायची हे ठरवणाऱ्या पीजी_एचबीए फाइलने अडवले, कारण डेटाबेसच्या रकान्यातल्या ‘ऑल’मध्ये रेप्लिकेशन येत नाही, त्यासाठी स्वतंत्र ओळ लागते. सकाळी रेप्लिकेशनची स्थिती दाखवणाऱ्या पीजी_स्टॅट_रेप्लिकेशनमध्ये ‘स्ट्रीमिंग’ हा शब्द दिसला, तेव्हा चहा घ्यायला उठलो.

चार दिवसांनी नेटवर्क विभागाने विचारले की, पुण्याहून नवी मुंबईकडे जाणारा तो चुकीचा नियम आता काढून टाकायचा का. मी घाईघाईने नको म्हणालो. उद्या स्टँडबायला बढती देऊन मुख्य सर्व्हर करावे लागले, तर पुण्याचा सर्व्हर त्याचा स्टँडबाय होईल आणि तेव्हा जोडणी नेमकी त्याच दिशेने करावी लागेल. तो नियम कायम ठेवण्यासाठी मात्र तिसरा फॉर्म भरावा लागला.