फॅन फिरत होता

माळशेज चढताना गरम होणारी गाडी आळेफाट्यावर आली की आमच्याकडचे बहुतेक मिस्त्री बॉनेट उघडायच्या आधीच सांगतात, "हेड गेलंय." या गाडीचं हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, दोनदा काढून झालं होतं. एकदा फेसिंग, म्हणजे हेड घासून सपाट करणं, दुसऱ्यांदा नुसतं त्याखालचं गॅस्केट बदलणं. वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, नवी, रेडिएटर उकलून साफ केलेला, फॅनची मोटर बदललेली, इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून फेकलेला. एवढं करून गाडी घाटात पुन्हा उकळलीच. मग कोणीतरी मालकाला म्हणालं, वायरमनला दाखवून बघा. वायरमनचा, म्हणजे माझ्यासारख्या गाडीच्या विजेचं काम करणाऱ्याचा, नंबर कायम शेवटी लागतो.

गाडी 2008 सालची, छोटी मालवाहू. मालक स्वतःच चालवतात. नारायणगावातून टोमॅटोचे क्रेट भरून कल्याणला जातात आणि येताना मिळेल तो माल घेऊन घाट चढतात. जाताना घाट उतरायचा असतो, तेव्हा काही होत नाही. येताना भरली गाडी दुसऱ्या गिअरवर वर चढते आणि अर्ध्या घाटात काटा लाल पट्टीला टेकतो.

मी आधी मालकांना, आम्ही त्यांना मामा म्हणतो, नीट विचारून घेतलं. गाडी कधी गरम होते याचं उत्तर ड्रायव्हरकडे असतं, आणि ते विचारायचा आळस फार जण करतात.

"उभी ठेवून चालू ठेवली तर?"

"काही नाही. क्रेट भरेपर्यंत चालूच असते कधी कधी. काटा हलत नाही."

"सपाटीला, साठच्या पुढे?"

"तेव्हापण नाही. फक्त चढाला. आणि मिस्त्री, फॅन तर फिरतोय की! मी स्वतः उतरून बघितलाय."

हे वाक्य त्यांनी प्रत्येक गॅरेजात सांगितलं होतं, आणि प्रत्येकाने वाकून बघून मान डोलावली होती. फॅन फिरतोय म्हणजे फॅन ठीक, पुढे चला.

गाडी थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून चालू केली. बुडबुडे नाहीत, म्हणजे इंजिनातला गॅस पाण्यात शिरत नाही. म्हणजे हेड तूर्तास बाजूला. फॅन चावी फिरवल्याबरोबर सुरू झाला, इंजिन थंडगार असताना. याचा अर्थ कोणीतरी तो डायरेक्ट केला होता. पाणी तापलं की फॅन सुरू करणारा रेडिएटरवरचा थर्मो स्विच जागेवर, पण त्याच्या दोन्ही वायरी कापून टेप गुंडाळलेली. मोटरचा मोठा करंट चालू-बंद करणारा रिले गायब. इग्निशनची बारीक वायर सरळ मोटरला. फ्यूजच्या जागी तांब्याची तार. मोटर अडकली असती तर आधी ती वायर पेटली असती, तार नंतर वितळली असती. हे बघितलं की मला खरंच राग येतो. रिले काही महाग नसतो, आणि वायरिंगला आग लागली की गाडी जळते.

मग मीटर. इथे एक गोष्ट सविस्तर सांगतो, कारण रोज हीच चूक बघतो. मोटरचा कपलर, म्हणजे वायरी जोडायचा सॉकेट, काढून त्यात मीटर लावलं की बारा व्होल्ट दिसतात आणि माणूस म्हणतो, सप्लाय येतोय. वायरीची एकच तार शिल्लक असली तरी मीटर बारा दाखवील, कारण मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. म्हणून मी हेडलाइटचा जुना बल्ब दोन वायरी जोडून ठेवला आहे. साठ वॉटचा, म्हणजे पाच अँपिअर ओढणारा. मोटरच्या जागी तो लावला. लख्ख पेटायला हवा होता, पिवळट पेटला.

पुन्हा मोटर जोडली आणि चालत्या फॅनवर मोजलं. बॅटरीवर 13.8, मोटरच्या टोकांवर 9.6. चार व्होल्टच्या वर वाटेत जिरत होते. प्लसच्या बाजूला 0.9, तेही त्या बारीक वायरीमुळे. उरलेले 3.3 अर्थिंगमध्ये, म्हणजे मायनसच्या परतीच्या वाटेत. अर्थची वायर रेडिएटरच्या पट्टीवर बोल्टाखाली दाबलेली, खाली रंग, रंगाखाली गंज. बोल्टाला बोट लावलं तर चटका बसला. जी वीज फॅनला मिळायची ती तिथे तापण्यात जात होती.

सोपं वाटलं. फॅन हळू फिरतोय, वारा कमी, घाटात गरम. पण मला मामांचं उत्तर सोडवेना. नुसता हळू फॅन असेल तर उभ्या गाडीतही काटा थोडा तरी चढायला हवा. आणि चढाला वेग वीसचा असला तरी समोरून थोडा वारा मिळतोच, म्हणजे तिथे उलट मदत व्हायला हवी.

बिलबुकाचं एक पान फाडून जाळीवर धरलं. फॅन रेडिएटरच्या मागे, इंजिनाच्या बाजूला आहे. त्याने वारा आत ओढायचा, म्हणजे कागद जाळीला चिकटायला हवा. कागद माझ्या अंगावर उडाला. खात्रीसाठी देव्हाऱ्यातली उदबत्ती आणून धरली. धूर सरळ माझ्या तोंडावर.

फॅन उलटा फिरत होता.

मोटर बदलताना कपलर जुळला नसेल, म्हणून कापून वायरी पिळल्या, दोन्ही काळ्या, आणि प्लस-मायनस अदलाबदल झालं. लोहचुंबकाची डीसी मोटर तक्रार करत नाही, उलट्या दिशेने तितक्याच आनंदाने फिरते. आता सगळं बसलं. उभ्या गाडीत इंजिन उष्णता थोडीच करतं, उलटा वाराही पुरतो. साठच्या वेगात समोरचा वारा जिंकतो. पण दुसऱ्या गिअरला, भरल्या गाडीत, इंजिन पूर्ण जोर लावत असताना समोरून येणारा थोडासा वारा आणि फॅनचा उलटा वारा एकमेकांना अडवत उभे राहतात. बरोबर घाटातच रेडिएटरला वारा मिळत नव्हता.

थर्मो स्विच काढून पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसोबत तापवला. 92 अंशांना जोडला, 87 ला सुटला. उत्तम. बॅटरीवरून जाड वायर, 30 अँपिअरचा फ्यूज, नवा रिले, त्याच्या कॉइलची एक बाजू इग्निशनला, दुसरी थर्मो स्विचमधून अर्थला. मोटरचं अर्थिंग थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची टोपी, दाबून, पत्रा घासून, थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत. शेवटी मोटरवर 13.3 मिळाले आणि कागद जाळीला असा चिकटला की काढावा लागला.

माळशेज लांब, म्हणून बेल्ह्यावरून आणे घाटात भरली गाडी घेऊन गेलो. काटा मधोमध. फॅन मधूनच सुरू व्हायचा, थोडा चालून बंद व्हायचा. मामा प्रत्येक वेळी खिडकीतून कान देऊन ऐकत होते.

वर आण्याला चहा घेताना त्यांनी विचारलं, "म्हणजे आधीची मोटर चांगली होती?"

बहुतेक होती. ती हळू फिरायची ती गंजलेल्या अर्थिंगमुळे. कोणी मोजलं नाही, मोटर बदलली, बदलताना उलटी जोडली, आणि खरा दोष त्या नव्या दोषाखाली दडला. त्यानंतरचं सगळं, दोन्ही वेळचं हेड धरून, त्या एका बोल्टावरून सुरू झालेलं. पण जुनी मोटर भंगारात गेली होती, तिला बॅटरी लावून बघायची सोय नव्हती. मी मामांना "बहुतेक" एवढंच म्हणालो. त्यांनी मनात पैशांचा हिशेब केला असणार, बोलले काही नाहीत. भाव पडलेला असताना टोमॅटोच्या किती खेपा मारल्या म्हणजे एक हेडचं काम फिटतं, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक.

हेड काढणारे मिस्त्री वाईट नाहीत. त्यांच्यातल्या एकाचा हात इतका साफ आहे की मी माझी गाडी डोळे झाकून देईन. पण फॅनची दिशा बघायला एक कागद लागतो आणि तो कोणी धरला नाही. आमच्या धंद्यात इंजिनाचा माणूस वायरीला हात लावत नाही, वायरीच्या माणसाला कोणी इंजिनाबद्दल विचारत नाही, आणि गाडी मधल्या मधे उकळते.

एक काम अजून बाकी आहे. तो थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह नसल्याने इंजिन सकाळी लवकर तापत नाही, थंडीत डिझेल जास्त खातं आणि झीजही वाढते. गाडी गरम होत नाही, तर व्हॉल्व्ह कशाला, असं मामांचं म्हणणं. सीझन संपला की बघू म्हणतात. मी पुण्याहून 82 अंशांचा मागवून ड्रॉवरमध्ये ठेवलाय. पुढच्या वेळी ते क्रेट उतरवून परत येताना दुकानासमोर थांबले की चावी काढून घेणार आहे.