161 आणि 123: सेंटरिंगच्या मोजमापात झालेली फसगत

मागच्या नोंदीत प्रश्न होता तो संग्राह्य कार्डाच्या दोन स्लॅबचा (प्रतवारी करून प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद केलेल्या कार्डाला स्लॅब म्हणतात): टोकदार कोपऱ्यांचा 10 घ्यावा, की एक कोपरा बोथट पण सेंटरिंग, म्हणजे चित्राभोवतीच्या किनारींचा समतोल, चांगले असलेला 9. अखेर मी जुन्या लेबलचा 10 घेतला, म्हणजे पीएसए या प्रतवारी कंपनीचा सर्वोच्च ग्रेड, आणि कोपरे टोकदार मिळाले असले, तरी सेंटरिंगने मला तोंडघशी पाडले. विक्रेत्याच्या फोटोवरून डाव्या-उजव्या किनारींच्या रुंदीचे टक्क्यांतले प्रमाण मी 54/46 असे मांडले होते. प्रत्यक्षात ते 57/43 निघाले. 2025 च्या सुरुवातीला पीएसएने 10 साठी पुढील बाजूची मर्यादा 60/40 वरून 55/45 वर आणली, म्हणजे माझे कार्ड जुन्या नियमात चोख बसते, आजच्या नियमात नाही.

चूक कुठे झाली हे शोधण्यात तीन संध्याकाळी गेल्या. स्लॅबवर पट्टी ठेवून मोजावे, तर कार्ड प्लॅस्टिकच्या खाली असल्यामुळे डोळा जरा हलला की आकडा बदलतो. घरचा पातळ, सीआयएस प्रकारचा स्कॅनर तर या कामाला निरुपयोगीच, कारण काचेला न टेकलेली वस्तू तो धूसर टिपतो. शेवटी मित्राचा जुना, अवजड, काचेपासून थोडे वर असलेलेही स्पष्ट टिपणारा सीसीडी प्रकारचा स्कॅनर आणला आणि 1200 डीपीआयवर (इंचाला 1200 ठिपके) डावी किनार 161 पिक्सेल, उजवी 123 अशी स्वच्छ मोजता आली. फोटोत डावीकडची कड स्लॅबच्या आतल्या चौकटीच्या सावलीत बुडाली होती. तेवढ्या काळ्या रेघेने माझा घात केला.

कोपऱ्यांना मात्र स्कॅन पुरत नाही. दहापट लूप (छोटे भिंग) आणि बाजूने तिरपा प्रकाश यांखालीच मागच्या बाजूचा खालचा डावा कोपरा कणभर पांढरा दिसला, जो हातभर अंतरावरून कुणालाही दिसणार नाही. वाकडी किनार मात्र त्याच अंतरावरून डोळ्यांत खुपते, म्हणून सेंटरिंगलाच प्राधान्य द्यावे असे माझे मत होते. हे लिहिता लिहिता ते थोडे बदलावे लागत आहे: गडद किनारीवर पांढरेपणा लगेच उठून दिसतो, तेव्हा तिथे आधी कोपरे पाहावेत, आणि फिकट किनारीवर आधी सेंटरिंग. बेकेट या दुसऱ्या प्रतवारी कंपनीच्या स्लॅबवर सबग्रेड, म्हणजे सेंटरिंग, कोपरे वगैरेंचे वेगवेगळे गुण, छापलेले असतील, तर ही तुलना बरीच सोपी होते.

हे कार्ड फिकट किनारीचे आहे, म्हणजे माझ्याच निकषाने मी चुकीचा स्लॅब उचलला. एक कोपरा किंचित बोथट असलेला, पण 51/49 वाटणारा तो 9 अजून विकला गेलेला नाही. या वेळी फोटोऐवजी त्याचा सीसीडी स्कॅन मागवला आहे.