१९१९चे दोन रुपये: पेटी एक, नजर वेगळी

ग्रेडिंगला, म्हणजे नाण्यांचा दर्जा ठरवून घेण्यासाठी परीक्षकांकडे, पाठवलेले पार्सल दोन महिन्यांपूर्वी सांगलीत परत आले. मागच्या नोंदीत ज्या दोन जॉर्ज पंचम रुपयांबद्दल मी भरभरून लिहिले होते, त्यांपैकी साध्या दिसणाऱ्या रुपयाला एमएस ६४ (न वापरलेल्या नाण्यांच्या श्रेणीत ७०पैकी ६४) मिळाले आणि ज्याच्यावर माझा अधिक जीव होता, त्या निळ्या-जांभळ्या रुपयाला आकडाच मिळाला नाही. त्याच्या लेबलवर ‘डिटेल्स’ असा शेरा असून कारण म्हणून रंग शंकास्पद असल्याचे नोंदवले आहे. स्लॅब (परीक्षकांनी नाणे बंद करून दिलेली कडक प्लास्टिकची डबी) हातात घेऊन मी बराच वेळ बसून राहिलो, कारण या नाण्याला कोणीही रंग दिलेला नाही, हे मला ठाऊक होते.

दोन्ही नाणी तासगाव तालुक्यातील मामांच्या घरच्या एकाच पत्र्याच्या पेटीतून आलेली आहेत. दोन्ही १९१९ची, दोन्ही मुंबई टांकसाळीची, मागच्या बाजूला खालच्या कमळापाशी ठिपका असलेली. नव्याने वाचणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की, हे वर्ष दुर्मीळ नाही. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात चांदीची एवढी टंचाई झाली की, १९१८च्या पिटमन कायद्याखाली अमेरिकेने सुमारे २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यांतील बहुतेक चांदी इथल्या रुपयांसाठी ब्रिटनला विकली. टांकसाळींनी त्या काळात रुपये अक्षरशः पोत्यांनी पाडले. त्यामुळे १९१९चा रुपया कोणत्याही सराफाकडे मिळतो. परंतु पाहताक्षणी नजर खिळवून ठेवणारा रुपया शोधावा लागतो आणि माझा सगळा खटाटोप त्या एका गुणासाठी आहे.

पहिला संशय अर्थातच गंधकावर गेला. मामांची द्राक्षबाग आहे. भुरी या बुरशीच्या रोगासाठी आणलेली गंधकाची पोती घराच्या मागच्या खोलीत असतात आणि बेदाण्याच्या हंगामात धुरीचे गंधकही तिथेच ठेवले जाते. घराची दुरुस्ती निघाली, तेव्हा ती पेटी त्याच खोलीत हलवली गेली आणि पुढे कित्येक वर्षे तिथेच राहिली. चांदीवर गंधकाचा परिणाम होऊन सिल्व्हर सल्फाइडचा अतिशय पातळ थर बसतो. तो थर जसजसा जाड होतो, तसतसा त्यावरून परतणाऱ्या प्रकाशाचा रंग बदलतो. आधी फिकट पिवळा, मग तांबूस सोनेरी, मग किरमिजी, मग निळा. थर आणखी वाढला की पुन्हा पिवळा आणि हिरवा, आणि अखेरीस काळा. सावकाश बसलेल्या टोनिंगमध्ये, म्हणजे अशा नैसर्गिक रंगथरात, हे रंग याच क्रमाने एकमेकांत विरघळत जातात. माझ्या निळ्या रुपयावर पिवळा जवळपास नाहीच. जांभळ्या डागाला लागून थेट निळा येतो. घाईने रंगवलेल्या नाण्यांचीही हीच खूण असल्याने परीक्षकांनी शंका घेतली असावी, असे मी मनाशी ठरवले.

खात्री करण्यासाठी मी सराफ कट्ट्यावरून १९१७ आणि १९१८चे तीन झिजलेले रुपये चांदीच्या भावाने आणले. एक रुपया चिमूटभर गंधकासह स्टीलच्या डब्यात ठेवला, दुसरा त्याच डब्यात पण जुन्या वहीच्या कागदात गुंडाळून ठेवला आणि तिसरा तुलनेसाठी हवाबंद कॅप्सूलमध्ये बंद केला. ही नाणी माझ्याजवळच राहणार आहेत, कोणाला विकली जाणार नाहीत, हे स्पष्ट लिहितो. उघडा रुपया चौथ्या दिवशी गवती पिवळा झाला, दीड आठवड्यात किरमिजी आणि निळा, आणि तीन आठवड्यांनी ढगाळ करडा पडला. कागदातला रुपया मात्र केवळ कडेने, जिथे घडी सैल होती तिथे, चंद्रकोरीसारखा सोनेरी झाला. तिसऱ्यात काहीही बदल झाला नाही.

हा प्रयोग पाहून मला वाटले की, उत्तर सापडले. ६४ मिळालेला रुपया मामांकडे जुन्या चोपडीच्या पानात गुंडाळलेला होता आणि त्याच्यावरही डाव्या कडेला अशीच कोर आहे. निळा रुपया पेटीत उघडा पडलेला होता. हिशेब जुळत होता. तरीही एक गोष्ट मनाला पटेना. माझ्या डब्यातला उघडा रुपया निळा होण्यापूर्वी पिवळा झाला होता आणि निळा झाल्यावरही त्याच्या कडेला पिवळ्याची रेघ शिल्लक होती. मामांच्या रुपयावर ती रेघ का नाही? आणि गालाच्या मधोमध तो जवळपास गोल, गडद जांभळा डाग कोठून आला?

यानंतरचे दहा दिवस मी त्या एका डागापायी घालवले. ट्यूबलाइटखाली काहीच कळेना, कारण ट्यूबलाइटचा प्रकाश पसरट असतो आणि लस्टर, म्हणजे नव्या नाण्याची मूळ झळाळी, त्यात बुडून जाते. शेवटी खोलीतील सगळे दिवे बंद करून एकच पिवळसर एलईडी बल्ब डोक्याच्या उंचीवर लावला आणि नाणे त्याच्याखाली हळूहळू कलवत नेले. ज्यांनी अजून असे पाहिलेले नाही, त्यांनी जरूर पाहावे. नाणे पाडताना चांदी डायच्या दाबाखाली मध्यापासून कडेकडे वाहते आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म आरे उमटतात. त्या आऱ्यांमुळे प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा नाण्यावरून फिरतो. ६४च्या रुपयावर तो पट्टा राजाच्या मुकुटामागून निघून अक्षरांवरून अखंड फिरतो आणि सोनेरी कोरीतून जाताना ती कोर आतून पेटल्यासारखी उजळते. रंग लस्टरवर बसलेला आहे आणि लस्टर त्या रंगाला चालवते आहे, हे त्या क्षणी डोळ्यांनी दिसते.

निळ्या रुपयावर पट्टा निघतो, पण गालापाशी तुटतो. रंग कितीही कलवले तरी जागचा हलत नाही. भिंतीला दिलेल्या रंगासारखा तो स्थिर राहतो. दहापट भिंगाखाली त्या जागी बारीक, एकाच दिशेच्या हेअरलाइन, म्हणजे केसासारख्या रेघा, दिसल्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे निळा रंग त्या रेघांच्या आतही शिरलेला होता. टोनिंग झाल्यावर नाणे घासले असते, तर रेघा रंग कापून चकचकीत दिसल्या असत्या. इथे रेघा आधीच्या आहेत आणि रंग नंतरचा आहे. म्हणजे हे नाणे कधीतरी घासले गेले, आऱ्यांची बारीक रचना मोडली आणि त्या उघड्या पडलेल्या चांदीवर नंतर गंधकाने घाईघाईने रंग भरला.

रात्रीच मामांना फोन लावला. मामांना काही आठवेना, पण मामींनी लगेच सांगितले. तो रुपया आजीच्या वेळेपासून लक्ष्मीपूजनाच्या ताटातला होता. दर दिवाळीला तो रांगोळीने घासून, चिंचेच्या पाण्याने धुऊन ताटात मांडला जाई आणि त्याच्यावर हळदी-कुंकू वाहिले जाई. दुसरा रुपया पणजोबांच्या हिशेबाच्या पानात होता, म्हणून त्याला कोणी हात लावला नाही. गालावरचा तो गोल डाग म्हणजे अनेक दिवाळ्यांचे कुंकू लागलेल्या बोटाचा ठसा आहे, हे ऐकल्यावर मला क्षणभर काही बोलता आले नाही. गेले दोन महिने मी ज्याला दोष समजत होतो, तो माझ्या आजीचा हात होता.

परीक्षकांनी रंगावर बोट ठेवले, पण खरे कारण रंगाखाली होते. त्यांच्या निकालाशी मी आता सहमत आहे. नजरेत भरणारे नाणे म्हणजे रंगीत नाणे, असा समज आपल्यात फार पसरलेला आहे आणि लिलावांमुळे तो वाढतो. नाण्यांचा दर्जा मोजणाऱ्या शेल्डन श्रेणीचा ७०पर्यंतचा आकडा मुख्यतः खुणा, लस्टर आणि छपाई यांचा हिशेब मांडतो, तरी एकाच आकड्याची दोन नाणी शेजारी ठेवली, तर एक बोलते आणि एक गप्प बसते. म्हणूनच एनजीसी ही अमेरिकन ग्रेडिंग कंपनी काही नाण्यांच्या ग्रेडपुढे तारा देते. तो तारा केवळ नजरेच्या आकर्षणासाठी असतो. माझ्या ६४ला तारा मिळालेला नाही आणि मिळायलाही नको होता, कारण राजाच्या अंगरख्यावरचा हत्ती सोंडेपाशी कमजोर छापलेला आहे. १९११च्या रुपयावर याच हत्तीला लोकांनी डुक्कर म्हटले होते आणि १९१२ला तो बदलावा लागला, हे सर्वांना ठाऊक आहेच. त्यामुळे नाणेसंग्राहकाची नजर आधी तिथेच जाते. वेलबुट्टीत चार खुणा असल्या तरी चालतात; गालावर, नाण्याच्या मोकळ्या, नक्षी नसलेल्या भागात किंवा त्या हत्तीवर एक खूण असली, तरी ती नजरेला थांबवते.

कॅप्सूलबद्दलही थोडे लिहितो. मागच्या महिन्यात स्वस्तात मिळालेली मऊ प्लास्टिकची पाकिटे मी सगळी फेकून दिली आहेत. पीव्हीसीचा हिरवट, चिकट थर कित्येक चांगली नाणी खातो आणि दमट हवेत तो लवकर सुटतो. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आमच्या गल्लीत शिरले, तेव्हापासून नाण्यांचा डबा माझ्याकडे वरच्या मजल्यावर असतो आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या दर पावसाळ्यात बदलल्या जातात. स्लॅब संपूर्ण हवाबंद नसतो, हे लक्षात ठेवावे. त्याच्या आतली कोरही वर्षानुवर्षे पुढे सरकू शकते. त्यामुळे ६४चा रुपया गंधकाच्या खोलीजवळ पुन्हा कधीही जाणार नाही.

सुरुवातीला माझा बेत असा होता की, निळा रुपया डिप करून, म्हणजे रसायनात बुडवून, रंग काढावा आणि पुन्हा पाठवावा. हेअरलाइन दिसल्यावर तो बेत सोडला, कारण डिपमध्ये चांदीचा वरचा थर विरघळतो आणि उरलेसुरले आरेही जातात. मग तो आहे तसाच स्लॅबमध्ये ठेवून अभ्यासाचा नमुना म्हणून जपावा, असे ठरवले होते. ही नोंद लिहिता लिहिता तेही बदलले. येत्या रविवारी मी स्लॅब फोडणार आहे आणि रुपया मामींच्या हातात परत देणार आहे. तो ताटातला आहे, त्याची जागा तिथेच आहे. फक्त रांगोळीने घासू नका, मऊ कोरड्या कापडात ठेवा, एवढे मी त्यांना सांगेन. त्यांनी तरीही घासला, तरी माझी हरकत नाही.

एडवर्ड सप्तमचा १९०३ ते १९१०चा संच मी आजवर आकड्यांवरून जमवत आलो. आता प्रत्येक रुपया पुन्हा एका बल्बखाली फिरवून पाहायचा आहे. १९०७चा रुपया मी एमएस ६३ म्हणून गेल्या वर्षी घेतला होता. काल रात्री तो पहिला काढला. पट्टा राजाच्या दाढीपर्यंत नीट आला, पुढे कानापाशी किंचित अडखळला. उद्या दिवसा भिंगाखाली पाहतो.