दुधाच्या कॅनमधली प्रवचनं

मी परदेशी सहली नेते. त्या वेळचा गट बावीस जणांचा, बहुतेक कोल्हापूर-सांगलीकडचे. 1943 ते 1948 या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे 5,000 पोलिश निर्वासित राहिले होते. त्याची आठवण म्हणून वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, आणि ते बघायला ही मंडळी एवढ्या लांब आली होती. सकाळी तिथं फुलं वाहिली, फोटो झाले. आबा मात्र बसपाशीच उभे राहिले.

आबा वळिवड्याशेजारच्या गावचे. गळ्यात माळ, गावच्या दूध संस्थेत तीस वर्षं सचिव. त्यांचे वडील छावणीत दूध घालायचे, म्हणून पुतणीनं त्यांना हट्टानं आणलं होतं. निघण्याआधी तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की कोरोनात आबांचा मुलगा गेला, तेव्हापासून त्यांनी वारी सोडली आणि भजनालाही बसत नाहीत. "त्या विषयावर नका बोलू, ताई."

दुपारी आम्ही ज्यू इतिहास संस्थेत गेलो. शेजारी वॉर्साचं मोठं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनाघर होतं. 16 मे 1943 ला जर्मनांनी ते सुरुंग लावून उडवलं, त्या आगीच्या खुणा संस्थेच्या दालनातल्या फरशीवर अजून आहेत. मी ते दाखवत होते, तोवर आबा पुढे निघून गेले. सापडले ते एका गंजलेल्या कॅनसमोर.

"पोरी, ह्ये दुधाचं कॅन हाय न्हवं?"

"होय आबा."

"असली हजारो मोजल्यात म्या. ह्यात काय हुतं?"

"कागद."

मग मला सगळं सांगावं लागलं. नोव्हेंबर 1940 मध्ये जर्मनांनी घेट्टोला, म्हणजे ज्यूंच्या सक्तीच्या वस्तीला, भिंत घालून चार लाखांवर माणसं कोंडली. तिथं इमॅन्युएल रिंगेलब्लुम नावाच्या इतिहासकारानं गुपचूप माणसं जमवून त्या जगण्याची नोंद ठेवायला घेतली. रोजनिशा, रेशनकार्डं, कविता, गोळ्या-चॉकलेटांचे कागदसुद्धा. शनिवारी जमायचे म्हणून गटाचं नाव 'ओनेग शब्बात', म्हणजे शब्बाथचा, ज्यूंच्या शनिवारच्या पवित्र दिवसाचा आनंद. कागद तीन साठे करून पुरले. पहिला साठा 1946 मध्ये सापडला, पत्र्याच्या पेट्यांत. दुसरा 1 डिसेंबर 1950 ला, दुधाच्या दोन कॅनमध्ये. त्यातलं एक समोर होतं. त्या साठ्यात एका हसिदी गुरूंची प्रवचनंही होती.

"हसिदी म्हंजे?"

अठराव्या शतकात पूर्व युरोपातल्या ज्यूंमध्ये उभा राहिलेला भक्तिमार्ग, मी म्हणाले. नुसत्या पांडित्यापेक्षा मन ओतून केलेली प्रार्थना मोठी, गाणं-नाचणंही उपासनाच, आणि प्रत्येक परंपरेचा एक गुरू, त्याला रेब्बे म्हणतात. आबांनी मान डोलावली. मला वाटतं, एवढं त्यांना पुरलं.

या रेब्बेंचं नाव कलोनिमस कल्मन शापिरा. वॉर्साजवळच्या पियासेच्नोचे. 1923 मध्ये त्यांनी वॉर्सात मुलांसाठी पाठशाळा काढली. पोरांना मारून-दटावून नव्हे, तर त्यांच्या मनात शिरून शिकवावं, असं सांगणारं त्यांचं पुस्तक आजही शिकवणारे वाचतात. घेट्टोत त्यांच्या घरी, जेल्ना रस्त्यावर 5 नंबरला, प्रार्थना चालायची आणि भुकेल्यांसाठी सार्वजनिक स्वयंपाकघरही. सूप वाढायचं आणि शनिवारी बोलायचं, दोन्ही एकाच छताखाली.

"घरी कोण हुतं त्येच्या?"

इथं माझी जीभ अडली. एरवी मी गोष्ट इथूनच सुरू करते. आबांकडे पाहिलं, पुतणीकडे पाहिलं. तिनं डोळ्यांनी नको म्हटलं. पण त्यांनी सरळ विचारलं होतं, आणि त्यांच्याशी खोटं बोलावंसं वाटेना.

सप्टेंबर 1939 च्या बॉम्बहल्ल्यात रेब्बेंचा एकुलता मुलगा जखमी झाला. तो आत इस्पितळात होता, त्याची बायको आणि मावशी बाहेर ताटकळत होत्या. तिथंच बॉम्ब पडून दोघी गेल्या. 29 सप्टेंबरला मुलगाही गेला. ऑक्टोबरात रेब्बेंची आई. पत्नी दोन वर्षांपूर्वीच वारली होती.

"आन मग बोलाय कवा बसला?"

4 नोव्हेंबरच्या आठवड्याचा धर्मग्रंथातला पाठ होता अब्राहामच्या बायकोच्या, साराच्या मृत्यूचा. अब्राहाम मुलाला बळी द्यायला वेदीवर बांधतो, मुलगा वाचतो, आणि त्याच्याच पुढे लगेच साराचं मरण येतं. रेब्बेंनी सांगितलं की ग्रंथ लिहिणाऱ्या मोशेनं या दोन गोष्टी मुद्दाम शेजारी ठेवल्या, देवाला दाखवायला. दुःखाला माप असतं. मापाबाहेर झालं की सारासारखी बाईसुद्धा उभी राहू शकत नाही, तिथं आमची काय कथा!

आबा बोटांवर मोजत होते. "छत्तीस दिस," ते म्हणाले. "म्या चार वर्सं तोंड उघडलं न्हाई."

पुतणी पुढे सरकली, मी तिला हातानं थांबवलं. बाकीचे लोक बाहेर पडत होते, ड्रायव्हरचा फोन वाजत होता. मी उचलला नाही.

पुढचंही सांगितलं. 1942 च्या सुरुवातीला रेब्बे बोलले ते देवाच्या रडण्याबद्दल. बाहेरच्या दालनात नव्हे, आतल्या खोलीत देव एकटा रडतो, आणि जो अभ्यासाच्या वाटेनं तिथवर पोचतो, तो देवासोबत रडतो. आबांनी माळ मुठीत धरली.

आणि मग त्यांची एक टीप. डिसेंबर 1941 मध्ये हनुक्काच्या सणाला रेब्बेंनी बजावलं होतं की असे हाल आजवर कधी झालेच नाहीत, असं म्हणणारे चुकतात. आपल्या लोकांनी पूर्वीही असं सोसलंय. जुलै 1942 मध्ये त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीला आगगाड्या सुटू लागल्या. दोन महिन्यांत अडीच लाखांवर माणसं गेली, ऑगस्टमध्ये रेब्बेंची मुलगीही. नोव्हेंबरात त्यांनी ते जुनं प्रवचन काढलं आणि त्याला जोडून लिहिलं की हे बोलणं त्या उन्हाळ्याआधीपुरतंच खरं. त्यानंतर जे झालं, त्याला मागं कुठं तोड नाही.

"म्हंजे सोत्ताचा सबूद सोत्ता खोडला?"

"खोडला नाही. तसाच ठेवला आणि खाली दुरुस्ती लिहिली."

"बुवा असून." ते बराच वेळ गप्प राहिले. "आमच्या तुकोबाचं बायको-पोर दुस्काळात गेलं. गाथा पान्यातनं वर आली. ह्येची मातीतनं."

पुढे काय झालं, ते त्यांनीच विचारलं. 3 नोव्हेंबर 1943 ला त्राव्निकीच्या छावणीत रेब्बेंना मारलं. कागद पुरायला देताना सोबत चिठ्ठी होती. ज्याला हे सापडेल त्यानं तेल अवीवमधल्या माझ्या भावाला पाठवावं, अशी. कॅन निघालं तेव्हा भाऊ जाऊन पाच वर्षं झाली होती. प्रवचनं 1960 मध्ये इस्रायलमध्ये छापली गेली.

बस चाळीस मिनिटं उशिरा सुटली. जुनं शहर त्या दिवशी राहिलंच, दोघं-तिघं नाराज झाले. मुरानूव भागातून जाताना मी माइकवर सांगत होते की ही घरं घेट्टोच्या ढिगाऱ्यावरच उभी आहेत. तेवढ्यात आबांनी हात करून बोलावलं. त्यांच्या मांडीवर हरिपाठाची छोटी पुस्तिका होती. तिच्या मागच्या कोऱ्या पानावर त्यांना नाव लिहायचं होतं.

"सावकाश सांग."

मी सांगितलं, क-लो-नि-मस. त्यांनी आधी 'कलो' पुढे काहीतरी भलतंच लिहिलं, मग रेघ मारून शेजारी नीट लिहिलं. 'पियासेच्नो'लाही तसंच झालं. मी पर्समधून खोडरबर काढून देऊ लागले. त्यांनी मान हलवली, पेन खिशाला लावलं आणि दोन्ही रेघांसकट पुस्तिका मिटून आत ठेवली.