पुस्तकांचं पहिलं कपाट: गुण्या, कर्ण आणि पाठीचं प्लाय

पुस्तकं ठेवायला बिनदाराचं, उघड्या कप्प्यांचं कपाट घरीच करायचं ठरवलं तेव्हा सुतारकामाचा मला काडीचाही सराव नव्हता. आज ते कपाट पुस्तकांनी भरून उभं आहे. करवतीची धास्ती बहुतेक नवख्यांना असते, मलाही होती, पण काप थोडा खडबडीत आला तरी रंध्याने किंवा पॉलिश पेपरने तो सावरता येतो. काटकोन बिघडला तर मात्र पुढे काहीच नीट बसत नाही. म्हणून माझा सगळ्यात जास्त वेळ मापं घेण्यात, खुणा करण्यात आणि गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून बघण्यात गेला. तो वेळ सत्कारणी लागला असं मला मनापासून वाटतं.

मापं अशी ठरवली: उंची 900 मिलिमीटर, रुंदी 750, खोली 300. सगळं मिलिमीटरमध्येच लिहिलं, कारण इंच आणि सेंटिमीटर एकाच कागदावर आले की घोटाळा होतो. रुंदी मुद्दाम कमी ठेवली. पुस्तकांचं वजन आपल्याला वाटतं त्याहून बरंच जास्त असतं. मीटरभर फळी भरली की 20 ते 30 किलो सहज होतात. पुस्तकांनी भरलेल्या फळीची लांबी दुप्पट केली तर तिला येणारा बाक दुप्पट होत नाही, सोळापट होतो. उलट जाडी दुप्पट केली तर बाक एक अष्टमांशावर येतो. फळी आखूड ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. त्यातून प्रत्येक फळीच्या पुढच्या कडेवर 40 मिलिमीटरची उभी लाकडी पट्टी चिकटवली. तिने फळी ताठ राहते आणि प्लायचे उघडे थरही झाकले जातात.

लाकूड म्हणून 18 मिलिमीटरचं प्लायवूड घेतलं. एकसंध लाकडाची फळी दिसायला सुंदर, पण हवेतला दमटपणा वाढला की ती रेषांच्या आडव्या दिशेने फुगते आणि कोरड्या दिवसांत आकसते. प्लायमध्ये थर एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असतात, त्यामुळे ते फारसं हलत नाही. नवख्याने आधी प्लायच घ्यावं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. फक्त छापील जाडीवर विसंबू नका, मोजा. माझं 18 चं प्लाय भरलं 17.5. दोन्ही बाजू वजा करून आतल्या फळीची लांबी 715 आली.

प्लायचा पूर्ण ताव 2440 बाय 1220 चा असतो. त्याच्या 300 रुंदीच्या लांब पट्ट्या मी दुकानातच कापून घेतल्या. मोठ्या यंत्रावर लांब काप जितका सरळ येतो तितका घरी येणं अवघड आहे. करवतीचं पातं प्रत्येक कापाला साधारण 3 मिलिमीटर लाकूड खातं, हेही आखणीत धरावं लागतं. 300 च्या चार पट्ट्या आणि तीन काप मिळून 1209 होतात, म्हणजे 1220 मध्ये जेमतेम बसतात. आडवे काप घरी केले. चारही फळ्यांसाठी टेप पुन्हा लावला नाही. एक फळी कापली आणि तिच्यावरूनच बाकीच्यांवर खुणा केल्या. सगळ्या फळ्या 714 च्या झाल्या तर काही बिघडत नाही. एक 714 आणि दुसरी 716 झाली, की कपाट वाकडं.

कप्प्यांच्या उंचीसाठी एक युक्ती फार उपयोगी पडली. खालचा कप्पा 320 चा हवा होता, कारण ए-फोर कागद 297 उंच असतो आणि त्याची फाइल त्याहून थोडी उंच. मधला 270 चा आणि वरचा 240 चा. उरलेल्या प्लायमधून 320 आणि 270 लांबीच्या पट्ट्यांच्या जोड्या कापल्या. तळाची फळी बसवली, तिच्यावर 320 ची जोडी उभी केली, तिच्यावर पुढची फळी टेकवली आणि स्क्रू मारले. टेप हातात न घेता फळी दोन्ही बाजूंना एकाच उंचीवर बसते.

गम लावण्याआधी सगळं एकदा कोरडंच जोडून पाहिलं. मग सांध्याला गमचा पातळ थर, क्लॅम्प (सांधा दाबून धरणारा शिकंजा) आणि 45 मिलिमीटरचे स्क्रू, प्रत्येक सांध्याला तीन. स्क्रूच्या आधी 3 मिलिमीटरचं भोक पाडणं टाळू नका. भोक नसेल तर प्लायच्या कडेत शिरणारा स्क्रू थरांना पाचरीसारखा फाकवतो. बाहेर आलेला गम ओल्या फडक्याने लगेच पसरवण्यापेक्षा थोडा घट्ट झाल्यावर पटाशीने खरवडलेला बरा. लाकडात मुरला तर तिथे पॉलिश धरत नाही.

आणि मग कर्ण. गम ओला असतानाच टेप एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात लावायचा, मग दुसरा कर्ण. 900 बाय 750 च्या चौकटीत दोन्ही 1171 ते 1172 यायला हवेत. आकड्यापेक्षा दोन्ही सारखे असणं महत्त्वाचं. माझ्या चौकटीत दोन मिलिमीटरचा फरक होता. लांब कर्णाच्या दिशेने क्लॅम्प लावून हळूहळू आवळला, तशी चौकट जागेवर आली. ती तशीच धरून मागे 6 मिलिमीटरचं पाठीचं प्लाय गम आणि बारीक स्क्रूंनी पक्कं केलं. पाठ नसताना कपाट हाताने ढकललं की डावीउजवीकडे झुलत होतं. पाठ बसल्यावर ते तसूभरही हललं नाही. अवघड सांधे न शिकता मजबूत कपाट करता येतं ते या पातळ प्लायमुळे, आणि तरीही खर्च वाचवायला लोक आधी तीच गाळतात, याचं मला वाईट वाटतं.

घासायला आधी 120 नंबरचा पॉलिश पेपर, मग 180. पृष्ठभागावर पेन्सिलने हलक्या रेघोट्या मारायच्या आणि त्या जाईपर्यंतच घासायचं. प्लायचा वरचा थर मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो, जास्त घासलं की खालचा दिसू लागतो. पाण्यात मिसळणाऱ्या वॉर्निशच्या पहिल्या हाताने लाकडाचे रेषे उभे राहतात आणि पृष्ठभाग खरखरीत लागतो. तो वाळल्यावर 220 चा पेपर हलका फिरवला आणि दुसरा हात दिला. कोणी जवसाचं तेल वापरणार असेल तर तेलाची फडकी चुरगाळून ठेवू नयेत, ती आपोआप पेट घेऊ शकतात. मोकळी पसरून वाळवावीत.

शेवटी कपाट वरच्या बाजूने लोखंडी पट्टीने भिंतीला जखडलं. लहान मुलं कप्प्यांना पायऱ्या समजून चढतात, तेव्हा कपाट बुटकं असलं तरी हे करावंच. जड पुस्तकं तळाला ठेवली.

आता खालच्या कप्प्यात एक ड्रॉवर बसवायचा आहे. त्याच्या चॅनेलला (ज्यावर ड्रॉवर सरकतो त्या पट्ट्यांना) दोन्ही बाजूंना साधारण 12.5 ते 13 मिलिमीटर जागा लागते, म्हणजे 715 मधून पेटीची रुंदी 690 च्या आसपास येईल. आधी चॅनेल आणून त्यांची जाडी मोजणार, मगच पेटीचं प्लाय कापणार.