मामांची चांदी आणि माझी झिंक ऑक्साईडची फिल्म

रामन म्हणजे पदार्थावर लेझर सोडून विखुरलेला प्रकाश तपासायची पद्धत. ती चांदीवर चालत नाही, हे कोल्हापुरात गुजरीत बसणाऱ्या मामांना फोनवर पटवणं सोपं नव्हतं. "एवढं लेझरचं मशीन हाय म्हणतीस, मग आमच्या चांदीचा कस बघून दे की," हा त्यांचा सरळ हिशोब. मी म्हटलं, "मामा, चांदीच्या स्फटिकात एकेका घरात एकच अणू असतो. एकमेकांविरुद्ध हलायला जोडीदार लागतो, तो तिथं नाही. त्यामुळं या मशीनला तुमची चांदी दिसतच नाही." "म्हंजे आमचीच चांदी खोटी व्हय गं?" एवढ्यात आईनं फोन ओढून घेतला आणि जेवणाचं विचारायला लागली.

मी ज्याची फिल्म, म्हणजे अतिशय पातळ थर, करते त्या झिंक ऑक्साईडमध्ये मात्र जोडीदार आहेत. जाळीतले झिंक आणि ऑक्सिजनचे अणू ठरावीक लयीत एकमेकांविरुद्ध थरथरत असतात. फिल्मवर लेझर सोडला की विखुरलेला बहुतेक प्रकाश आला तसाच परततो. कोटीत एखादा फोटॉन मात्र त्या थरथरीशी ऊर्जेची देवघेव करून रंग किंचित बदलून येतो. आम्ही तेवढाच वेचतो. कोलकात्यात १९२८ साली रामन आणि कृष्णन यांनी रंगीत फिल्टर लावून हा बदल नुसत्या डोळ्यांनी पाहिला होता. आमच्याकडे उणे तापमानाला थंड केलेला कॅमेरा आहे आणि तरीही आमची कुरकुर चालूच असते.

इथं दक्षिण कोरियात, ग्वांगजूला, शिवाजी विद्यापीठातून फिल्मवर काम करून आलेली मंडळी बरीच भेटतात. एखाद्या शनिवारी तांबडा-पांढरा शिजतो आणि गप्पा फिरून स्प्रे पायरोलिसिसवर, म्हणजे तापल्या काचेवर द्रावण फवारून फिल्म करण्यावर, येतात. झिंक ॲसिटेटचं द्रावण, ४०० अंशांच्या आसपास तापवलेली काच, नोझल आणि धीर, एवढ्यावर कोल्हापुरात आम्ही फिल्म करायचो. इथं सगळं निर्वात चेंबरमध्ये होतं. फिल्म देखणी येते, पण खरं सांगू का, द्रावणाचा थेंब तापल्या काचेवर कसा उडतो हे ज्यानं पाहिलंय त्याला फिल्म का बिघडते ते लवकर कळतं.

खरी पंचाईत मोजताना होते. माझी फिल्म १००-२०० नॅनोमीटरची आणि तिच्याखालचा सफायर, म्हणजे ज्यावर ती बसवलेली असते तो स्फटिक, अर्धा मिलिमीटर, म्हणजे हजारो पट जाड. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर झिंक ऑक्साईडला जुमानत नाही, थेट खाली उतरतो. रंग किती बदलला ते वेव्हनंबरात मोजतात आणि आलेखात जिथं उंचवटा येतो त्याला आम्ही रेघ म्हणतो. स्क्रीनवर ४१८ वेव्हनंबरला सफायरची दणदणीत रेघ आणि तिच्या पायथ्याशी, ४३७ ला, माझ्या फिल्मची बारीकशी. नवीन मुलं सफायरचीच रेघ फिल्मची समजून खूश होतात.

३२५ नॅनोमीटरचा अतिनील लेझर वापरला तर फिल्म त्याला वरच शोषते आणि सफायर गप्प बसतो. पण मग ५७४ च्या आसपासची रेघ आणि तिच्या पटीतल्या रेघा डोकं वर काढतात आणि मला हवी ती ४३७ ची क्षीण होते. त्यापेक्षा मला ध्रुवीकरणाची, म्हणजे प्रकाशाची लहर कुठल्या दिशेत हलते त्याची, युक्ती आवडते. लेझरचं ध्रुवीकरण एका दिशेत ठेवायचं आणि परत येणारा प्रकाश त्याच्या काटकोनात तपासायचा. स्फटिकांचे उभे अक्ष नीट जुळलेले असतील तर सममितीमुळं सफायरची ४१८ ची रेघ जवळजवळ मावळते, ४३७ ची मात्र टिकते. पैसा न लागता झालेलं काम!

या एका रेघेवर माझा एवढा जीव का, तर फिल्म किती दाबली गेलीय ते ती सांगते. मिरवणुकीआधी हलगी जाळावर शेकतात, कातडं ताणलं की आवाज चढतो. इथं उलटं आहे. फिल्म दाबली गेली की बंध आखडतात आणि रेघ वर सरकते, ताणली की खाली येते. थंड होताना सफायर झिंक ऑक्साईडपेक्षा जास्त आकसतो, त्यामुळं फिल्म दाबली जाते. सिलिकॉन कमी आकसतो, त्यावर ती ताणली जाते. सरकणं बऱ्याचदा एक-दोन वेव्हनंबरचंच असतं, म्हणून मोजणीच्या आधी आणि नंतर सिलिकॉनची ५२० ची रेघ जागेवर आहे ना, हे बघावंच लागतं.

मशीन निवांत मिळतं ते चुसकला. कोरियन लोकांचा हा सण बहुतेक वर्षी भाद्रपद पौर्णिमेच्या आसपास येतो, म्हणजे महाद्वार रोडवर विसर्जनाची मिरवणूक संपत नसते तेव्हा इकडे लॅब ओस पडलेली असते. भाऊ तिकडून व्हिडिओ कॉल करतो, ढोलताशात त्याचं एक अक्षर ऐकू येत नाही आणि मी मात्र खोलीतल्या दिव्याचा उजेड मोजणीत येऊ नये म्हणून अंधारात बसलेली. आमच्या मशीनला ट्यूबलाइटच्याही रेघा दिसतात.

विद्यापीठातली धाकटी मंडळी मोजून द्या म्हणून नमुने पाठवतात, त्यांना एक विनंती. काचेवरची फिल्म पाठवताना त्याच पाकिटातली एक कोरी काचही पाठवा. काचेतले अणू स्फटिकासारखे ओळीनं रचलेले नसल्यानं तिच्या धारदार रेघा येत नाहीत, रुंद टेकाडं येतात, आणि कोरी काच मोजल्याशिवाय ती फिल्मच्या आलेखातून वजा करता येत नाहीत. आणि नाव फिल्मच्या बाजूनं मार्करनं लिहू नका. मार्करची शाई लेझरखाली अशी चमकते की बाकी काही दिसत नाही.