शंभराव्या रात्रीचे शिंपले

फिजीच्या किनाऱ्यावर जुना रिवाज आहे. प्रमुख वारला की गाव आपल्या समुद्राचा एखादा पट्टा शंभर रात्री बंद ठेवतं आणि सुतक फिटताना जेवणावळीसाठी तो उघडतं. सुवाच्या विद्यापीठात नोकरी करताना मला अशाच एका पट्ट्यातले कायकोसो मोजायचे होते, तेही तो उघडायच्या आदल्या दिवशी. कायकोसो म्हणजे चिखलातला शिंपला, आपल्या खुब्यांच्या जातकुळीतला.

गाव तायलेवू प्रांतातलं. ओहोटी गाठायची होती, पण थेट चिखलात उतरायची सोय नाही. आधी सेवुसेवु, म्हणजे भेट देऊन गावाची परवानगी मागण्याचा विधी. वर्तमानपत्रात गुंडाळलेली अर्धा किलो यांगोनाची (म्हणजे कावाची, जिच्या मुळांचं पेय करतात त्या वनस्पतीची) मुळं घेऊन, लुंगीसारखं सुलु नेसून, टोप्या काढून चटईवर बसलो. आमच्या वतीने एका सहकाऱ्याने मुळं पुढे ठेवली. गावाच्या वतीने ज्याचा तो मान, त्याने ती स्वीकारली. मग तानोआत, म्हणजे लाकडी परातीत, मुळांची पूड पाण्यात कालवली गेली, करवंटी फिरू लागली. घेताना एक टाळी, प्यायल्यावर तीन. चव मातकट, जीभ बधिर, आणि माझा सगळा जीव घड्याळात. बाकी कुणालाच घाई नव्हती. कुठे मोजायचं, सोबत कोण येणार, हे मात्र त्या बैठकीतच ठरून गेलं.

शिंपले वेचणं तिथे बायकांचं काम. मी एक मीटरची चौकट टाकून बोटांनी चाचपत होते. शेजारची आजी अनवाणी टाचेने चिखल दाबत जायची आणि थांबेल तिथे शिंपला निघायचा. काढायचा, पट्टीवर मापायचा, परत पुरायचा. बंदी उद्या संपणार होती, तरी एकही शिंपला कुणाच्या टोपलीत गेला नाही. बंदी मोडणाऱ्यावर संकट येतं ही श्रद्धा आहेच. शिवाय अख्खं गाव बघत असतं. मला दुसरं कारण जास्त पटतं.

संध्याकाळी पुन्हा यांगोना. मी आकडे वाचून दाखवले: बंद पट्ट्यात मोठे शिंपले बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त. याचं नवल कुणालाच वाटलं नाही. त्याच प्रांतातल्या वेराटा भागातल्या उदुनिवानुआ गावाने १९९७ साली २४ हेक्टरांचा पट्टा राखला आणि कायकोसो शेजारच्या उघड्या भागातही वाढले, हे सगळ्यांच्या ऐकण्यातलं. वाद पेटला तो जेवणावरून. वारलेल्या प्रमुखाच्या घरच्यांचं म्हणणं, पंगतीत कमी पडलं तर गेलेल्या माणसाचा अपमान. त्यावर दाराजवळ बसलेली तीच आजी, आवाज न चढवता म्हणाली, एका दिवसात सगळं उपसलं तर पुढच्या महिन्यात आम्ही बाजारात काय न्यायचं? मग माझा कागद मागून घेतला आणि पुरुषांच्या बाजूला सरकवला.

बरीच रात्र झाल्यावर निकाल लागला. खाडीच्या तोंडाचा भाग बंदच राहील. उरलेला उघडायचा, आणि पंगतीला डुकरं नि दालोचे (अळूचे) कंद जास्त घ्यायचे.

दुसऱ्या दिवशी बायकांनी टोपल्या भरभरून आणल्या. माझ्यापुढे वाढताना आजीने बजावलं, "आता मोजत बसू नकोस. खा."